मेथीने साखर उतरते का, आणि टिश्यू कल्चरमध्ये वाढवलेल्या मेथीतून तेच औषध मिळेल का?

तुम्ही वडिलांच्या मधुमेहासाठी मेथीबद्दल विचारलंय आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तिचं टिश्यू कल्चर घ्यावं का, हेही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण या दोन्हींना एकच उत्तर लागू पडत नाही, आणि ते का हे दाण्यातच दिसतं.

रात्री भिजवलेला दाणा सकाळी बोटांत चोळून बघा. आतल्या पिवळ्या दलांभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत थर सुटतो, तो भ्रूणपोष. त्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचं तंतुमय द्रव्य असतं. ते पोटात फुगून घट्ट होतं आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. मेथीचा साखरेवरचा बराचसा परिणाम या चिकटपणाचा. म्हणून दाणे चावून किंवा पूड करून खावेत. नुसतं गाळलेलं पाणी पिणाऱ्यांचा निम्मा माल गाळणीतच राहतो. दाण्यात ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन हे अमिनो आम्लही असतं, ते इन्सुलिन स्रवायला मदत करतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवर चाचण्याही झाल्यात, पण बहुतेक लहानच. वडिलांची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर नक्कीच. (घामाला मेथीचा वास येऊ लागला तर घाबरू नका, तो सोटोलोन या रसायनाचा.)

आता कल्चर, म्हणजे वनस्पतीचा तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवणं. खोड किंवा पानाच्या तुकड्यापासून वाढलेल्या कॅलसमध्ये (पेशींच्या आकारहीन गोळ्यात) हा भ्रूणपोष नसतो, त्यामुळे गॅलॅक्टोमॅननची आशा धरू नका. कॅलसमध्ये शोधायची ती मेथीतली डायोस्जेनिन आणि ट्रायगोनेलिन ही रसायनं. स्टेरॉइड औषधं बनवायला डायोस्जेनिन कच्चा माल म्हणून वापरतात. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदांतून ते काढून प्रोजेस्टेरॉन बनवलं होतं.

पहिली डोकेदुखी निर्जंतुकीकरणाची. बी आधी भिजवू नका, त्या चिकट थरात बुरशी दडून राहते. कोरडं बीच अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटमधून काढा, निर्जंतुक पाण्याने तीन-चारदा धुवा. मर्क्युरिक क्लोराइड अनेक प्रयोगशाळांत अजून वापरतात. विषारी आहे, टाळता आलं तर टाळा. रोपं आठवड्याची झाली की बीजदलांखालच्या खोडाचे सेंटीमीटरभर तुकडे करून एमएस (मुराशिगे-स्कूग) या तयार पोषक माध्यमावर ठेवा: ३ टक्के साखर, ०.८ टक्के अगर, पीएच ५.८, लिटरला १ ते २ मिलिग्रॅम २,४-डी आणि थोडं कायनेटिन (दोन्ही वाढ घडवणारी संप्रेरकं). तापमान २५ अंशांच्या आसपास. दोन-तीन आठवड्यांत कापलेल्या कडांवर फिकट, भुसभुशीत गोळा दिसू लागतो. तो तपकिरी पडायच्या आत नव्या माध्यमावर हलवा. कॅलसपासून अख्खं रोप उभं करणं मात्र शेंगवर्गीयांत चिवट काम आहे. एका सत्राच्या प्रोजेक्टला मी ते सुचवणार नाही.

त्यापेक्षा पान, बी आणि कॅलस यांतल्या डायोस्जेनिनची तुलना करा. जमलं तर काही कॅलसला मिथाइल जास्मोनेट (वनस्पतीला ताणाचा इशारा देणारं रसायन) देऊन फरक पडतो का बघा. डायोस्जेनिन सॅपोनिनमध्ये (साखर जोडलेल्या रूपात) बांधलेलं असतं, म्हणून वाळवलेली पूड आम्लात उकळून ते आधी मोकळं करावं लागतं. तुलनेसाठी शुद्ध डायोस्जेनिन लागेल, ते महाग पडतं आणि यायला वेळ लागतो. कॅलस वाढत असतानाच ऑर्डर द्या, आणि डायोस्जेनिन मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर नंबरही तेव्हाच लावून ठेवा.