गाणी ऐकूनही झोप का येत नाही?

प्रश्न : रात्री जीव घाबराघुबरा होतो म्हणून इअरफोन लावून विरहगीतं ऐकते. उलट रडूच कोसळतं. काय चुकतंय?

उत्तर : गाण्यांची निवड. शब्द आले की आठवणी आल्याच, आणि तेच गाणं पुन्हापुन्हा लावलं की मन तिथंच घोटाळतं. झोपण्याआधी अर्धा तास बासरीचा किंवा संतूरचा आलाप लावा, तबला सुरू होईपर्यंतचाच. इअरफोन नको, छोटा स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आवाज कुजबुजीइतका. टायमर लावा, नाहीतर मध्येच जाहिरात दणकते आणि सगळं मुसळ केरात! एका रात्रीत फरक दिसणार नाही.

मात्र उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर नुसत्या गाण्यांवर विसंबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आत्ताच फोन करा.