एमडीएफच्या पेटीवर जोडाची रेघ: ड्युको, व्हिनिअर की सनमाइका?

तुमच्या स्पीकरच्या पेटीच्या फोटोतली रेघ बघताक्षणी ओळखली. पुढच्या कडेपासून बरोबर १९ मिमी मागे, वरून खालपर्यंत सरळ, आणि उजेड तिरका पडला की हमखास दिसणारी. माझ्या पहिल्या जोडीवरही हीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फळ्या कशा चिकटवायच्या, काटकोन कसा धरायचा हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं: टू-वे स्पीकर किट (खालच्या आवाजाचा वूफर आणि वरच्या आवाजाचा ट्वीटर असे दोन ड्रायव्हर), १९ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) कापून आलेल्या फळ्या, पेटी बाहेरून ३८० बाय २२० बाय ३०० मिमी, बॅफलच्या (ड्रायव्हर बसतात त्या पुढच्या फळीच्या) उभ्या कडांना १२ मिमी गोलाई. जुलैत बेळगावजवळच्या खानापुरात फेविकॉलने जोडली, चार दिवसांनी घासली, प्राइमर मारून वर काळा ग्लॉस ड्युको (स्प्रे गनने मारायचा रंग). पंधरा दिवसांत रेघ वर आली. पेंटर म्हणतो, रेघेत पुट्टी भरून परत एक हात मारू. आणि तुम्ही विचारताय की गणपतीच्या आत ड्युकोच सुधारावा, वरून सागाचं व्हिनिअर (लाकडाची पातळ साल) चढवावं, की सरळ सनमाइका लावून मोकळं व्हावं.

पेंटरचं ऐकू नका. माणूस चांगला असेल, पण तो पुट्टी भरणार त्या रेघेत, आणि दोष रेघेत नाहीच.

एमडीएफ ओल धरलं की जाडीत फुगतं, आडवं-उभं फारसं वाढत नाही. आता तुमच्या पेटीची बाजू डोळ्यासमोर आणा. मोठा भाग बाजूच्या फळीचा, म्हणजे तिथे फळी जाडीत फुगली की तुमच्या दिशेने फुगते. पुढची १९ मिमीची पट्टी बॅफलच्या कडेची, तिथे बॅफल लांबवर आत गेलेला आहे. हवा ओली झाली की बाजूची फळी बाहेर येते, शेजारची पट्टी जागची हलत नाही. जाडी एक टक्का वाढली तरी ०.१९ मिमी. मॅटमध्ये ते खपून जातं, काळ्या ग्लॉसमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे मोडतं. त्यात फेविकॉलमधलं पाणी जोडाच्या दोन्ही बाजूंना मुरतं, जोड फुगतो, आणि फुगलेला असतानाच तो घासून सपाट केला तर सुकल्यावर तिथे चर पडणारच. पावसाळ्यात खानापूरकडे चार दिवस म्हणजे काहीच नाही. कोरड्या हवेच्या अथणीत उन्हाळ्यात कदाचित निभावलं असतं.

म्हणून आत्ता पुट्टी भरली तर दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दुसरी रेघ येणार, या वेळी उलट्या बाजूची. पेंट, मजुरी, थिनर सगळं दुसऱ्यांदा. बहुतेकांचे पैसे या एका गोष्टीत जातात, शेड निवडण्यात कुणाचं काही बिघडत नाही.

जोड हलायचा थांबला का हे तपासायची सोपी रीत: एक फूटभर पोलादी पट्टी कडेवर उभी धरून जोडावर आडवी ठेवा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावा. पट्टीखालून उजेड कुठे येतो तिथे पेन्सिलने खूण करा. दर आठवड्याला त्याच जागी बघा. लागोपाठ तीन आठवडे उजेडाची फट बदलली नाही, तर घासायला हरकत नाही. तोवर पेट्या जमिनीवर ठेवू नका. चार लाकडी ठोकळ्यांवर, घरात, चारी बाजूंनी हवा लागेल अशा ठेवा. उन्हात किंवा हॅलोजनसमोर वाळवू नका, एक बाजू आधी सुकली की फळी वाकते.

सुकल्यावर आतून सीलरचा एक हात द्या, म्हणजे पुढच्या पावसात हालचाल कमी होईल. वूफर, ट्वीटर आणि मागच्या टर्मिनलच्या भोकांच्या कापलेल्या कडा विसरू नका. पेटी सगळ्यात जास्त ओल तिथूनच पिते आणि तिथेच कुणी रंग लावत नाही.

आता पर्याय. माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

बट जॉइंटच्या (एका फळीची कड दुसरीला सरळ टेकवून जोडलेल्या) एमडीएफवर काळा ग्लॉस करूच नये. हौस असेलच तर जोड ४५ अंशात कापून कोपऱ्यावर आणावा लागतो, किंवा गोलाई १९ मिमीची घेऊन जोड तिच्या शेवटावर. तुमची १२ ची आहे, म्हणून जोड गोलाईच्या ७ मिमी मागे, ऐन सपाटीवर आला. तिसरी युक्ती अशी की राउटरने जोडावरच ३ मिमीची व्ही खाच मारायची. रेघ लपवण्याऐवजी ती मुद्दाम काढलेली दिसते, आणि छान दिसते.

तरीही पेंटच हवा असेल तर गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या सामानाच्या दुकानातून टू-के (हार्डनर मिसळून वापरायची) पॉलिएस्टर पुट्टी आणा, भिंतीची नको. भिंतीची पांढरी पुट्टी पाण्यात कालवतात, ती एमडीएफवर लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के, पण डब्यावर लिहिलंय तेच खरं. पटकन सुकावी म्हणून जास्त घातला तर पुढे रंगातून डाग उमटतो. पुट्टी रेघेत न भरता पूर्ण बाजूवर पातळ ओढा. तुमच्या दोन्ही पेट्या मिळून सगळ्या बाजू एक चौरस मीटरच्या थोड्या वर जातात, तेव्हा अर्ध्या मिमीच्या थराला किलोचा एक डबा जेमतेम पुरेल, दोन घ्या. ठोकळ्यावर घासायचा पेपर गुंडाळून आधी १८० नंबर, मग २४०, प्राइमरनंतर ४००. नुसत्या बोटांनी घासलं की लाटा पडतात.

पेंटरला विचारा, त्याच्या ड्युकोबरोबर हार्डनर येतो का. येत नसेल तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) आहे. तो कित्येक महिने आकसत राहतो आणि खालचे पेपरचे चरे वर काढतो. शिवाय ओल्या हवेत त्यावर पांढरट धुकं धरतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. टू-के पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. गन चालवायच्या आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी खालच्या कॉकने सोडा, पावसात रोज सोडा. आणि पीयूच्या हार्डनरला साधा कापडी मास्क चालत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा रेस्पिरेटर लागतो. हे मी भीती घालायला सांगत नाही, पेंटरलाही सांगा.

व्हिनिअर मी तुम्हाला सुचवेन, पण बहुतेक दुकानांत पहिल्यांदा दाखवतात ते नको. ते ४ मिमी प्लायवर चिकटवलेलं असतं. कडेला प्लायचे थर दिसतात, आणि वूफरची खाच ४ मिमी खोल होऊन बसते. कागदी किंवा फ्लीस पाठीचं, वाकणारं मागा. आठ बाय चार फुटांचा एक शीट दोन्ही पेट्यांना पुरून उरतो. रेषा उभ्या ठेवून बाजू-बॅफल-बाजू एकाच तुकड्यात गुंडाळा: ३००, २२० आणि ३०० मिळून ८२० मिमी, कडेला थोडं सोडून ८४० बाय ४०० चे दोन तुकडे शीटच्या लांबीत एकापाठोपाठ कापा. म्हणजे दोन्ही पेट्यांवरची नक्षी एकमेकींची वाटते. उभ्या रेषा उभ्या गोलाईवर सहज वळतात, आणि तुमचा नडलेला जोड एकसंध सालीखाली जातो. मॅट पॉलिश ठेवा. ग्लॉस दिलात तर रेघ तिथेही अंधूक उमटू शकते.

आधी लागलेला ड्युको आणि प्राइमर मात्र घासून उतरवायला हवा, सुटणाऱ्या रंगावर काहीही चिकटवलं तरी ते रंगासकट निघतं. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ (रबरी गम) दोन्ही बाजूंना, बोटाला न चिकटेपर्यंत थांबा, मधे बटर पेपर सरकवून मधून बाहेर लाकडी ठोकळ्याने दाबत जा. एकदा टेकलं की हलत नाही. सागात तेल असतं, बिनपाठीचा साग असेल तर थिनरच्या फडक्याने आधी पुसा. बिनपाठीच्या पातळ व्हिनिअरवर लाकर मारू नका, थिनर आत उतरून गम सैल करतो आणि फोड येतात.

सनमाइका १ मिमीची, कडक, जोड व्यवस्थित झाकते, पावसाला दाद देत नाही. पण तुमच्या गोलाईवर ती बसणार नाही, बॅफल रंगवावाच लागेल. आधी बाजू, मग वरचा भाग, म्हणजे तपकिरी कड वरून दिसत नाही. घरात लहान मुलं असतील तर हाच शहाणपणाचा पर्याय, दिसायला मला आवडत नाही एवढंच.

डॉल्बीच्या पेट्या करणारा कुणी ओळखीचा असेल तर तो काळा खरबरीत टेक्स्चर सुचवेल. रेघ त्यात शंभर टक्के जाते. पण पुढे व्हिनिअर करायचा विचार असेल तर तो थर घासून काढताना हात मोडतील.

गणपतीत काय? आहे त्या रंगावर वाजवा. फिनिशने आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही, आतल्या आधारपट्ट्यांनी पडतो. ट्वीटरवर जाळी असू द्या, आरतीला पोरांची बोटं पहिल्यांदा तिथेच जातात. डिसेंबर ते फेब्रुवारीत फिनिश करा. तेव्हा ड्रायव्हर काढून ठेवा, घासणीची धूळ चुंबकाजवळच्या फटीत गेली तर वूफर खरखरतो. रंगानंतर ड्रायव्हर बसवायला निदान आठवडा थांबा, आणि रंगाच्या थरांमुळे खाच घट्ट होते, म्हणून आधीच भोवती १ मिमी मोकळीक आहे का बघा. स्क्रूची भोकं पाडून तोंडाशी हलकी खोलगट करा, नाहीतर एमडीएफ तिथे फुगून वर येतं आणि ड्रायव्हर टेकत नाही.

अजून एक, तुमच्यासाठी उशिराचं पण पुढच्यांना उपयोगाचं. फळ्या ट्रान्सपोर्टने आल्या असतील तर खोका उघडायच्या आधी फोटो काढा आणि उघडल्यावर फळ्यांच्या चारही कोपऱ्यांची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. कोपरा मधल्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जाड असेल तर तो ओला झालेला आहे, सुकला तरी पूर्ण बसत नाही. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खोका ओल्या फरशीवर उभा ठेवलेला, आणि पावतीवर "खोका भिजलेला मिळाला" एवढं लिहून द्यायला सही करणारा साहेब जेवायला गेलेला. शेरा नाही म्हणून भरपाई नाही. किट पाठवणारेही मग हात वर करतात, आणि त्यांचंही काही चूक नाही. शेरा मिळेपर्यंत सही करू नका, वाद घाला.

जाळीच्या कापडासाठी बेळगावच्या शहापूर-वडगावकडे हातमाग-यंत्रमागाचं कापड बघायला जाणार असाल तर तोंडाजवळ धरून फुंकर मारा. हवा सहज पलीकडे गेली तरच घ्या, रेशमी दाट विणीचं कितीही देखणं असलं तरी ट्वीटरचा आवाज मारतं. पट्टीखालच्या उजेडाचा फोटो टाकलात तर किती थांबावं लागेल याचा अंदाज सांगतो.