सीटी स्कॅन नॉर्मल असला तरी रविवारी मुलाला खेळवू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मंगळवारी कबड्डीच्या सरावात तुमच्या 14 वर्षांच्या मुलाच्या डोक्याला दुसऱ्याचा गुडघा लागला, थोडी भोवळ आली, सीटी स्कॅन नॉर्मल आहे आणि सर म्हणतात रविवारी जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळेल. खेळवू का, असं तुम्ही विचारताय. नका खेळवू. मी नाशिकला सिडकोत 16 वर्षं मुलींना कबड्डी शिकवतोय आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्याकडे उजव्या कोपऱ्यावर खेळणारी एक मुलगी होती, 15 वर्षांची. टाच पकडायला वाकली आणि चढाई करणारीचा गुडघा थेट तिच्या कानशिलावर बसला. आडवी झाली, स्वतःच उठली, केस मागे सारले आणि म्हणाली, "सर, काही नाही झालं." मी तोंडावर पाणी मारायला लावलं आणि तिला आतच ठेवलं. पुढच्या चढाईला ती डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. चार वर्षं उजवा कोपरा सांभाळणारी मुलगी! शेजारणीने हाताला धरून जागेवर आणली. हे मी पाहत होतो, आणि ओरडलो काय, तर "लक्ष कुठंय तुझं?" त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं. रात्री तिला उलट्या झाल्या. स्कॅन तिचाही नॉर्मल होता. पण पुढचे तीन आठवडे तिला वर्गातली ट्यूबलाइट सहन होईना, धड्याच्या चार ओळी वाचल्या की डोकं ठणकायचं.

स्कॅनमध्ये हाड मोडलंय का, आत रक्तस्राव झालाय का, एवढं कळतं. कन्कशनमध्ये मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचं काम बिघडतं; ते फोटोत येत नाही. आपण मुका मार म्हणतो ना, तोच हा, फक्त मेंदूला. बहुतेक वेळा मूल बेशुद्धही पडत नाही. शिवाय त्रास कधीकधी उशिरा सुरू होतो. 2019 मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला. डॉक्टरांनी तपासलं, तो त्याच दिवशी परत फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी त्रास जाणवल्यामुळे सामन्याबाहेर गेला. तिथे संघाचे डॉक्टर मैदानावर हजर होते. आपल्या शाळांच्या सामन्यात प्रथमोपचाराची पेटी असली तरी पुष्कळ.

पहिला मार पुरता भरून यायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला एकदम सूज येते आणि जीव जातो. लहान वयातल्या खेळाडूंनाच हा धोका जास्त.

आता रविवारचा हिशेब. 2022 साली ॲमस्टरडॅमच्या परिषदेत तज्ज्ञांनी जी पद्धत ठरवली, तिच्यात पहिले 24 ते 48 तास आराम आहे, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही; घरात वावरायचं, थोडं चालायचं, मोबाइल कमी. मग हलका व्यायाम, एकट्याने धावणं, अंगाला अंग न लावता सराव, मग पकडीचा सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. अंगाला अंग न लावता करायचा सरावही सगळा त्रास थांबल्यावरच, आणि पकडीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. त्याआधी शाळेचा पूर्ण दिवस नीट जायला हवा. सगळं सुरळीत झालं तरी आठवडा जातोच. ब्रिटनमध्ये तर 2023 पासून शाळा-क्लबच्या खेळाडूंना सामन्याआधी किमान 21 दिवस थांबायला सांगतात. माझ्या मुलींना मी तेच लावतो.

मुलं दुखणं लपवतात. निवड, प्रमाणपत्र, पुढे दहावीचे क्रीडा गुण, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. म्हणून आमच्याकडे निर्णय मुलीवर सोडत नाही आणि माझ्यावरही सोडलेला नाही. सामन्याला एक पालक बाकाजवळ बसतो. डोक्याला लागलं की तो पाच प्रश्न विचारतो: मैदान कोणतं, पहिला डाव की दुसरा, शेवटची चढाई कोणाची, मागचा सामना कोणाशी, जिंकलो का? एक जरी चुकलं, किंवा डोकं दुखतं, अंधारी येते असं म्हणाली, तर त्या दिवसाचा खेळ संपला. उत्तरं बरोबर आली पण पालकाला शंका वाटली, तरीही. कबड्डीत राखीव खेळाडू असतातच, संघाचं काही अडत नाही.

आणखी एक, हे मी दर सामन्याला पाहतो: मूल पडलं की चौघं हातपाय धरून उचलतात. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर हलवूच नका, 108 ला फोन करा. पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, वाढतं डोकं दुखणं, असंबद्ध बोलणं, उठवूनही नीट जागं न होणं, यातलं काहीही आज किंवा उद्या दिसलं तर स्कॅन झालाय म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

सरांशी मुलासमोर वाद घालू नका, आधी फोनवर स्पष्ट सांगा. रविवारी त्याची तब्येत ठीक असेल तर त्याला मैदानावर जरूर न्या, संघासोबत बसू द्या. फक्त गुण लिहायला बसवू नका, त्याने डोकं चढतं. शिट्ट्या-आरडाओरड्याचा त्रास व्हायला लागला की घरी घेऊन या.