बँडपथकाचं सामान: पावसाळ्याआधी आणि नंतर

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या बँडपथकात 8 साइड ड्रम, 1 बेस ड्रम, झांजांचे 2 जोड आणि 4 ट्रँगल आहेत. 26 जानेवारीला सगळं व्यवस्थित वाजलं. जुलैत सरावासाठी कपाट उघडलं तर काड्या विजोड, बोल्ट गंजलेले आणि दोन ड्रमची पानं (वाजवायचे ताणलेले पडदे) फाटलेली. काय चुकलं? (क्रीडाशिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : पानं बहुधा कपाटातच फाटली. ड्रमवर ड्रम रचला की वरच्याच्या पट्ट्याची आकडी किंवा बोल्टचं टोक खालच्या पानावर टेकतं, आणि महिनोन्‌महिने तिथेच रुततं. त्यामुळे आधी पट्टे काढून वेगळे टांगा. ड्रम एकावर एक नकोत, फळीवर सुटे ठेवा. साइड ड्रमच्या खालच्या पानावर ज्या तारा असतात, ती बाजू वर असावी आणि तारांचा खटका सैल केलेला असावा. ताणलेल्या राहिल्या तर तारा लांबतात, मग ड्रम नुसता खरखरतो. बेस ड्रम उभा ठेवून दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली फळ्या घाला. ओल भिंतीतून आणि फरशीतूनच येते.

गंज टाळायचा तर मे महिन्यात एक दुपार द्या. एकेक बोल्ट काढून आटे कोरड्या ब्रशने साफ करा, बोटभर व्हॅसलिन लावून परत बसवा. आवळताना ओळीने फिरू नका. समोरासमोरचे दोन, प्रत्येकी पाव फेरा, मग पुढची जोडी. नाहीतर पान दाबून धरणारी रिंग एका बाजूला झुकते आणि पान तिथेच फाटतं. पान चामड्याचं असेल तर वाजवून झाल्यावर थोडं सैल करा. दमट हवेत ताणलेलं चामडं वाळताना आकसतं आणि चिरतं. प्लास्टिकच्या पानाला याची गरज नाही.

प्रत्येक ड्रमच्या कडेवर क्रमांक रंगवा. तोच त्याच्या पट्ट्यावर आणि काड्यांच्या जोडावर घाला. जोड नाडीने बांधा, रबरबँड पावसाळ्यात चिकटून बसतात. काड्या आडव्या ठेवा, तिरक्या टेकवल्या तर वाकतात. वाकलेली काडी टेबलावर घरंगळवली की लगेच कळते. बोल्ट आवळायची चावी कपाटाच्या दारालाच दोरीने बांधून टाका.

ड्रम जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) असतातच. काड्या आणि पानं मात्र झिजणारी, त्यांची वेगळी वही करा. 8 ड्रमना 3 वरची पानं, 1 तारांकडचं (ते पातळ असतं, अदलाबदल करू नका), 6 जोड काड्या आणि 10 बोल्ट शिलकीत हवेत. पान मागवताना रिंग सोडून फक्त पिंपाचा (ड्रमच्या गोल सांगाड्याचा) व्यास इंचांत मोजा. इथली चूक फार महागात पडते.

15 ऑगस्टला ड्रम भिजलेच तर पुसून लगेच पिशवीत घालू नका. पंख्याखाली दोन-तीन तास उघडे राहू द्या.

प्रश्न : झांजा काळवंडल्या आहेत. चिंच-मिठाने घासाव्यात का? (एक वाचक)

उत्तर : चकाकी येते, पण आंबट-खारट अंश भोकाजवळ राहिला तर हिरवा थर धरतो आणि चामडी पट्टा कुजतो. मऊ फडकं पुरे. मुलांनी वाजवल्यावर घामाचे डाग तेवढे पुसावेत. झांजा आडव्या, मध्ये कापड घालून ठेवा. कडेवर उभ्या ठेवल्या तर पडून कड तडकते. पट्ट्याची गाठ दर महिन्याला ओढून पाहा.