एकाच सिलिंडरवर लोखंड, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम, तिन्ही वेल्ड होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ फॅब्रिकेशनचं नवं दुकान टाकलंय, २५० अँपिअरचं सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारं) वेल्डिंग मशीन घेतलंय, गेट-ग्रीलसोबत आंबा कॅनिंगवाल्यांचं स्टेनलेस आणि होड्यांवरचं ॲल्युमिनियमही येतं. तर एकच आर्गॉनचा सिलिंडर घेतला की सगळं भागेल का?

नाही भागणार. पण तीन-चार सिलिंडरही लागणार नाहीत. दोन पुरतात, एक सीओटूचा आणि एक निव्वळ आर्गॉनचा. मी रत्नागिरीत बरीच वर्षं हेच काम करतोय आणि दुकानात आजही दोनच उभे असतात.

आधी नावांचा घोळ सोडवू. आपल्याकडे मिग मशीनला 'सीओटू' म्हणतात आणि टिगला 'आर्गॉन वेल्डिंग'. गॅसच्या नावावरून मशीन ओळखायची सवय लागली, म्हणून वाटतं की सीओटू मशीनला आर्गॉन लावला की ते आर्गॉन वेल्डिंग झालं. तसं नसतं. मिगमध्ये तारच वितळून टाका, म्हणजे जोड, भरते. टिगमध्ये टंगस्टनची सुई फक्त ठिणगी धरते आणि रॉड तुम्ही दुसऱ्या हाताने देता. म्हणून टिगला कार्बन डायऑक्साइड कधीच लावायचा नाही, सुई क्षणात जळून काळी पडते. मिगची पद्धत १९४८ च्या सुमारास अमेरिकेत आली तेव्हा तिलाही आर्गॉनसारखाच निष्क्रिय गॅस होता. लोखंडासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड पुढे १९५३ मध्ये आला. 'मिग'मधला 'आय' त्या निष्क्रिय, म्हणजे 'इनर्ट' गॅसचा. कार्बन डायऑक्साइड लावलात की काटेकोर भाषेत ते 'मॅग' होतं, पण दुकानात तसं कोणी म्हणत नाही.

आता लोखंड. आर्कच्या, म्हणजे सलग पेटत्या ठिणगीच्या उष्णतेत कार्बन डायऑक्साइड फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन सुटतो. मग लोखंड जळत कसं नाही? कारण तारेत सिलिकॉन आणि मँगनीज घातलेलं असतं (बॉक्सवर ईआर ७०एस-६ लिहिलेलं बघा), ते ऑक्सिजनला धरून वर येतं. टाका गार झाल्यावर त्यावर जे तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात ते हेच. रंगाआधी ते झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून रंगाचा पापुद्रा सुटेल. निव्वळ कार्बन डायऑक्साइडवर टाका खोल जातो, पण छर्रे खूप उडतात आणि ग्राइंडरवरचा वेळ वाढतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिक्स घेतलंत तर छर्रे कमी होतात आणि टाका सपाट, देखणा बसतो. दर्शनी गेटाला मिक्स आणि शेडच्या खांबांना साधा सीओटू, असं मी म्हणेन. नव्या दुकानाला मात्र साधा सीओटूच पुरे.

आणि निव्वळ आर्गॉन लोखंडाला? करून बघा एकदा भंगाराच्या पट्टीवर. आर्क इकडेतिकडे भटकतो, मधोमध सुरीसारखा अरुंद आत जातो आणि कडा पकडत नाही, दोन्ही बाजूंना खाच पडते. वर महागही पडतो. ३० किलोच्या सीओटू सिलिंडरमधून साधारण १६ घनमीटर गॅस मिळतो, आर्गॉनच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर. मिनिटाला १२ लिटर धरले तर एकावर बावीसेक तास आर्क चालतो, दुसऱ्यावर दहासुद्धा नाही. सीओटू घेताना काट्यावर वजन करून घ्या, कारण आत तो द्रवरूप असतो आणि शेवटापर्यंत गेजचा काटा फारसा हलत नाही. रेग्युलेटरला हीटरही हवा, नाहीतर सलग कामात बर्फ धरून गॅस अडतो.

स्टेनलेसवर जरा थांबतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलोय. सुरुवातीच्या काळात समुद्राकाठच्या एका घराचं ३०४ या नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसचं रेलिंग मी मिगवर सीओटूनेच जोडलं. चकाचक पॉलिश केलं, मालक खूश. दिवाळीपर्यंत प्रत्येक जोडाखाली नारिंगी ओघळ. चुका तीन होत्या. सीओटूमधला कार्बन टाक्यात शिरतो, क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला उरत नाही. साफ करायला मी लोखंडाचा वायरब्रश वापरला, त्याचे कण पृष्ठभागात रुतले. आणि टाक्याचा काळा-निळा रंग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) नीट न उतरवता नुसता घासला. खाऱ्या हवेत यातली एकही चूक लपत नाही. शिवाय उघड्यावर समुद्रासमोर ३०४ मुळातच कमी पडतं, गिऱ्हाइकाला ३१६ सुचवा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला ते टिकतं. गिऱ्हाईक दर ऐकून मान हलवेल, तरी सांगायचं आपण सोडू नये.

मिगवरच स्टेनलेस करायचं तर ९८ टक्के आर्गॉन आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिक्स लागतं. जाड पट्ट्यांची, मीटरनी मोजायची कामं सतत येत असतील तरच तो तिसरा सिलिंडर घ्या. कॅनिंगवाल्यांच्या किटल्या, पाइप, ट्रे हे सगळं टिगवर निव्वळ आर्गॉननेच करा. तिथे पाइपच्या आतून आर्गॉन द्यायला विसरू नका. बाहेरून टाका चांदीसारखा दिसतो, पण आतून हवा लागली तर जळक्या साखरेसारखी काळी रवाळ खरड तयार होते. त्या खरडीत रस अडकतो, धुऊन निघत नाही, आंबतो आणि मग बोल आपल्याला लागतो. पाइपची दोन्ही टोकं टेपने बंद करा, गॅस खालच्या टोकाकडून सोडा आणि वर बारीक भोक ठेवा. आर्गॉन हवेपेक्षा जड, तो तळातून भरत जाऊन हवेला वर ढकलतो.

ॲल्युमिनियमला निव्वळ आर्गॉन. कार्बन डायऑक्साइडचा अंशही चालत नाही, टाका काजळीसारखा काळा आणि जाळीदार होतो. पण गॅस आणलात म्हणून काम होईलच असं नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांच्या पुढे. तो फोडायला टिग मशीन एसी लागतं, आणि बाजारातली स्वस्त टिग मशीनं बहुतेक फक्त डीसी असतात. घेण्याआधी एवढं एक विचाराच. मिगवर करायचं तर मऊ तार लांब केबलमध्ये गुंतते, त्यासाठी स्पूल गन (तारेचं रीळ बंदुकीवरच बसवलेली) घ्यावी लागेल. जाड तुकड्याला आर्गॉनमध्ये हेलियम मिसळतात, उष्णता वाढते. मी त्याऐवजी तुकडा शंभरेक अंशांपर्यंत तापवून घेतो.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला कोणताही गॅस वाचवत नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, आणि त्या वाफेने टाक्याला भोकं पडतात. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा, मगच टाका मारा. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायल्याने काही होत नाही, कोणी काहीही सांगो. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा.

वाऱ्याचं मात्र आपल्या किनाऱ्यावर वेगळंच आहे. ताशी आठेक किलोमीटरचा वारासुद्धा नोझलमधून येणारा गॅस उडवून नेतो. उदबत्ती लावून बघा, धूर आडवा झाला की काम थांबवा. नवे लोक अशा वेळी गॅसचा फ्लो मिनिटाला २५-३० लिटरवर नेतात. उलट होतं, जोरात सुटलेला गॅस भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. मिगला १२ ते १५ लिटर, टिगला ८-१० पुरे. दुपारी खारं वारं सुटतं, म्हणून साइटवरचं गॅसचं काम मी सकाळी अकराच्या आत उरकतो आणि आडोशाला पत्रा लावतो. आडोशाला झावळ्यांचे झाप लावू नका, एक ठिणगी पडली की संपलं. वारा थांबणारच नसेल तर सरळ रॉडवर, म्हणजे सिलिंडर न लागणाऱ्या साध्या वेल्डिंगवर जा. रॉडचं कोटिंग जळून स्वतःचा गॅस आणि वर मळीचं पांघरूण करतं, त्याला वारा बराच चालतो. फक्त ७०१८ जातीचे रॉड पावसाळ्यात ओल धरतात, ते ३०० अंशांच्या पुढे ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय वापरू नका.

होडीचं काम घेणार म्हणता, तर शेवटचं. मासळीच्या खणात उतरून आर्गॉनवर काम करताना गॅस खाली साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही, माणूस नुसता खाली बसतो. खणात हवा फेकणारा पंखा सोडा, पण टाक्यावर झोत येणार नाही असा, आणि वर तोंडाशी एक माणूस कायम उभा ठेवा. जेवायला वर येताना वेल्डिंगची टॉर्च (गॅस सुटतो ती हातातली बंदूक) आत ठेवू नका आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करूनच या.