कॅमेरा छोटा, देऊळ काळे

प्रश्न : थोरल्या भावाचा कॉम्पॅक्ट कॅमेरा मला मिळाला आहे. ऑटोवर फोटो बरे येतात. मात्र संगम माहुलीच्या देवळाचा काळा दगड जवळून टिपला की तो फिकट, करडा दिसतो. मोठा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात मुळीच घेऊ नका. चौकटीत जे काही असेल त्याचा उजेड सरासरी मध्यम करड्या छटेइतका असावा, असे गृहीत धरून कॅमेरा प्रकाशमापन करतो. त्यामुळे चौकटभर काळा पाषाण आला की कॅमेरा फोटो उगाचच उजळ करतो, आणि महागडा कॅमेराही ऑटोवर बहुधा हेच करील. डायल ‘पी’वर, म्हणजे ऑटोसारख्याच पण उजेड कमी-जास्त करू देणाऱ्या प्रकारावर ठेवा, अधिक-उण्याचे चिन्ह असलेले बटण शोधा (उणेकडे फोटो गडद होतो, अधिककडे उजळ) आणि त्याच भिंतीचे शून्य, उणे एक व अधिक एक असे तीन फोटो काढून घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौकटीत मोठे आभाळ आले, तर मात्र दगड उलट काळवंडेल. तेव्हा अधिककडे जावे लागेल. कास पठारावरच्या फुलांसाठी फुलाचे चिन्ह (जवळून फोटो काढण्याची सोय) निवडून झूम न करता जवळ जा, अर्थात पायवाट न सोडता. डिजिटल झूम बंदच ठेवा. तो चित्र नुसते कापून ताणतो.