प्रोसेस मायनिंगमधल्या इव्हेंट लॉग, केस, व्हेरिअंट या संज्ञा सोप्या शब्दांत कोणी सांगेल का? सुरुवात कोणत्या टूलने करावी?

प्रोसेस मायनिंग म्हणजे संगणकातल्या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते शोधणं. केस (ज्या एका कामाचा माग काढायचा ते, जसं एक ऑर्डर), ॲक्टिव्हिटी (त्यातली एक पायरी) आणि टाइमस्टॅम्प (तिची तारीख-वेळ) हे तीन रकाने भरले की इव्हेंट लॉग झाला. एका केसच्या सगळ्या घटना वेळेच्या क्रमाने लावल्या की तो तिचा ट्रेस, आणि तोच क्रम असलेल्या सगळ्या केसेस मिळून एक व्हेरिअंट. लॉगवरून कामाच्या पायऱ्यांचा नकाशा काढणं म्हणजे डिस्कव्हरी, ठरलेल्या पद्धतीशी लॉग ताडून बघणं म्हणजे कन्फॉर्मन्स चेकिंग. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यापीठात विल व्हान डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा विषय उभा केला, तेव्हापासून पाया हाच आहे.

एवढं कुठल्याही व्हिडिओत मिळेल. पण टाइमस्टॅम्पबद्दल नीट कुणी सांगत नाही आणि त्यापायी आमच्या अख्ख्या स्टोअरने बोलणी खाल्ली आहेत.

मी अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरला होतो. खरेदीची प्रक्रिया तपासायला व्यवस्थापनाने सल्लागार आणले. त्यांनी ईआरपीतून (कंपनीच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधून) डेटा काढला, पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा नंबर केस म्हणून धरला आणि मीटिंगमध्ये नकाशा पडद्यावर लावला. पीओ ते जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) हा बाण सगळ्यात जाड, लालभडक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. बॉटलनेक, म्हणजे काम तुंबण्याची जागा, स्टोअरमध्ये, असं जाहीर झालं. प्लँट हेड सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमची पोरं दिवसभर करतात काय?"

आमच्याकडे गाडी गेटवर आली की इनवर्ड रजिस्टरात नोंद व्हायची, माल उतरायचा, मग क्वालिटीवाले तपासायचे आणि त्यांचा ओके आल्यावरच आम्ही जीआरएन करायचो. हा नियम क्वालिटीनेच घालून दिलेला. म्हणजे ईआरपीत जी वेळ पडायची ती तपासणी संपल्यानंतरची. मधला थांबा कुठल्याच रकान्यात नव्हता, म्हणून तो आमच्या नावावर चढला. मी गेटचं रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवलं, मालासोबत येणाऱ्या चलनाच्या नंबरवरून पीओशी जोडलं आणि 'गाडी आत', 'गाडी बाहेर' अशा दोन ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये घातल्या. जाड बाण लगेच सरकला. गाडी आली त्याच दिवशी रिकामी होऊन जात होती. माल तपासणीसाठी पडून राहायचा. नकाशा दुरुस्त झाला, पण सगळ्यांदेखत काढलेले शब्द कुणी मागे घेतले नाहीत.

शिवाय रीवर्कचा, म्हणजे तेच काम पुन्हा करावं लागल्याचा, ठपका होताच. एका पीओचा माल तीन खेपांत आला तर जीआरएन तीनदा होणारच. पीओलाच केस धरलं की नकाशात जीआरएनवरून पुन्हा जीआरएनवर येणारा फेरा दिसतो आणि अहवालात त्याला रीवर्क म्हणतात. केस म्हणून चलन धरायला हवं होतं. एकच घटना पीओ, चलन, बिल अशा अनेकांशी जोडता यावी म्हणूनच पुढे ऑब्जेक्ट-सेंट्रिक लॉग आले.

तेव्हा टाइमस्टॅम्प घटनेचा आहे की नोंदीचा, हे आधी विचारा. एका कामाला एकच वेळ नोंदलेली असेल तर काम किती चाललं आणि किती खोळंबलं हे वेगळं काढता येत नाही. सुरू झाल्याची आणि संपल्याची, दोन्ही लागतात. ज्याने गेटचं रजिस्टर उघडून पाहिलं नाही त्याने बॉटलनेक हा शब्द मीटिंगमध्ये उच्चारू नये.

ऑनलाइन ऑर्डरसारख्या कामात नोंद आपोआप पडते, तिथे हा फरक कमी असतो. सगळे सल्लागारही तसे नसतात. आणि आमच्या क्वालिटीकडे माणसं कमी होती, हेही खरं.

टूलचं म्हणाल तर पायथन येत असेल तर पीएमफोरपाय (PM4Py), नसेल तर प्रोम (ProM). दोन्ही फुकट आहेत. फिटनेस, प्रिसिजन ही नकाशा लॉगशी किती जुळतो ते सांगणारी मोजमापं नंतर शिकलात तरी चालेल. ज्या खात्याचा लॉग घेतलाय तिथे एन्ट्री मारणाऱ्या माणसाकडे आधी जा, तो एन्ट्री नेमकी कधी मारतो ते विचारा, आणि नकाशा मीटिंगमध्ये लावण्याआधी त्याला दाखवा. आमच्या स्टोअरमध्ये हे विचारायला कुणीही आलं नव्हतं.